इंधन गाळणी

इंधन गाळणी हा मोटारीच्या इंधनवहन यंत्रणेतील, टाकी आणि इंजिन यांच्या दरम्यान बसवलेला भाग होय. पेट्रोल अथवा डिझेलमधील गंजाचे कण, धूळ व चिकट गाळ, आणि डिझेलच्या बाबतीत पाणीही, इंजिनापर्यंत पोहोचण्यापूर्वी अडवून धरणे हे तिचे काम. व्यवहारात तिला फ्युएल फिल्टर असे म्हणतात. डिझेल गाड्यांच्या संदर्भात 'डिझेल फिल्टर' हा शब्द अधिक रूढ आहे. ठरावीक अंतरानंतर ही गाळणी बदलावी लागते. मात्र काढलेल्या जुन्या गाळणीत काय साचले आहे हे न पाहता केवळ नवी बसवणे हे अर्धेच काम ठरते, कारण घाण कोठून येते याचा पुरावा त्या गाळातच असतो.

घाणीचा उगम

तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघालेले इंधन बरेच स्वच्छ असते. पुढे ते नळवाहिनी, साठवण आगारातील टाक्या, टँकर आणि पेट्रोल पंपाची भूमिगत टाकी असा प्रवास करते. या प्रत्येक टप्प्यावर त्यात थोडा गंज, थोडी धूळ आणि थोडे पाणी मिसळण्याचा संभव असतो. पंपावरील यंत्रातही गाळणी असते, पण तिची निगा पंपचालकावर अवलंबून असते.

गाडीच्या स्वतःच्या टाकीतही घाण तयार होते. टाकी अर्धी रिकामी असली की उरलेल्या जागेत हवा भरते. रात्री टाकी थंड झाली की त्या हवेतील बाष्प टाकीच्या भिंतींवर थेंबांच्या रूपाने जमते आणि ओघळून तळाशी जाते. कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात, विशेषतः पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाड्यांत, हे अधिक जाणवते. जुन्या गाड्यांच्या टाक्या पोलादी पत्र्याच्या असत. त्यांच्या तळाशी असे पाणी साचून आतून गंज चढे आणि त्याचे पापुद्रे सुटत. अलीकडच्या बहुतेक मोटारींत प्लॅस्टिकची टाकी असते, त्यामुळे गंजाचा प्रश्न पुष्कळ कमी झाला आहे. दुचाकींच्या टाक्या मात्र अजूनही बहुधा पत्र्याच्याच असतात.

पेट्रोल दीर्घकाळ साठून राहिल्यास त्यातील काही घटकांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत याकडे हमखास दुर्लक्ष होते. अशी गाडी जवळजवळ सर्व अंतर वायूवर धावते आणि टाकीतील पेट्रोल महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. वायू संपल्यावर चालकाला पेट्रोलची आठवण होते, तेव्हा गाडी नीट चालत नाही. म्हणून अशा गाड्या अधूनमधून पेट्रोलवरही चालवाव्यात आणि टाकीत थोडेच, पण ताजे पेट्रोल ठेवावे.

रचना

मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात इंधन गाळण्याची साधने घरगुती स्वरूपाची होती. टाकीत पेट्रोल ओतताना नरसाळ्यात तारेची बारीक जाळी किंवा मऊ कमावलेले कातडे धरीत. पेट्रोलने भिजवलेल्या या कातड्यातून पेट्रोल झिरपते, पण पाणी सहसा पलीकडे जात नाही. पुढे इंजिनाजवळ काचेची वाटी असलेली गाळणी आली. तिच्या तळाशी पाणी व गाळ साचलेला बाहेरून दिसे. वाटी काढून पुसून पुन्हा बसवता येई. जुन्या जीपा आणि ट्रॅक्टर हाताळलेल्या वाचकांना ही वाटी आठवत असेल.

आजच्या गाळणीत घड्या घातलेला विशेष कागद असतो. त्यावर राळेचा संस्कार केलेला असल्याने तो इंधनात भिजून फाटत नाही. घड्यांमुळे लहानशा डब्यात पुष्कळ मोठे पृष्ठफळ मावते आणि गाळणी लवकर तुंबत नाही. डिझेल गाळणीत कागदाबरोबर कृत्रिम धाग्यांचे थरही वापरतात. बाहेरचे कवच प्लॅस्टिक, पत्रा किंवा ॲल्युमिनियमचे असते.

गाळणीची सूक्ष्मता मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. पेट्रोल गाड्यांच्या गाळण्या सामान्यतः १० मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवतात, तर आधुनिक डिझेल इंजिनांच्या गाळण्या २ ते ५ मायक्रॉनपर्यंत जातात. औषधी चूर्ण 'वस्त्रगाळ' करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पण वस्त्रगाळ चूर्णातील कणसुद्धा या मापाने बरेच जाड ठरतात. पाकिटावर छापलेला आकडाही जपून वाचावा लागतो. 'नाममात्र' सूक्ष्मतेची गाळणी त्या आकाराच्या कणांपैकी काही हिस्सा अडवते, तर 'निरपेक्ष' सूक्ष्मतेची जवळजवळ सर्व कण अडवते. एकाच आकड्याच्या दोन गाळण्या म्हणूनच सारख्या नसतात.

वापराने गाळणीत कणांचा थर साचत जातो तसतशी तिची छिद्रे लहान होतात. त्यामुळे जुनी गाळणी एका अर्थाने नव्या गाळणीपेक्षाही बारीक गाळते. पण त्याच वेळी तिच्यातून इंधन जाण्यास होणारा विरोध वाढतो आणि इंजिनाला मिळणारा दाब घटतो. गाळणी बदलण्याचे कारण ती गाळेनाशी होते हे नसून ती इंधन सोडेनाशी होते, हे आहे.

पेट्रोल गाड्या

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंधनाचा दाब अत्यल्प, साधारण ०.२ ते ०.४ बार असे. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसॅडर आणि १९८३ साली बाजारात आलेली मारुती ८०० या गाड्या दीर्घकाळ याच पद्धतीच्या होत्या. अशा गाड्यांत इंजिनाच्या दालनात रबरी नळीच्या मधोमध बसणारी पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी गाळणी सर्रास दिसे. ती किती मळली आहे हे बॉनेट उघडताच कळे, आणि दोन क्लिपा सैल करून कोणीही ती बदलू शके.

२००० सालाच्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपणाने घेतली. या पद्धतीला बाजारात एमपीएफआय म्हणतात. तिच्यात दाब ३ ते ४ बार असतो, त्यामुळे गाळणी धातूच्या मजबूत कवचाची झाली आणि बहुधा गाडीच्या पोटाखाली गेली. पुढे अनेक कंपन्यांनी गाळणी, पंप आणि दाबनियामक हे तिन्ही एकत्र करून थेट टाकीत बसवले. ही गाळणी 'आयुष्यभर टिकणारी' म्हणून सांगितली जाते. हे आयुष्य स्वच्छ इंधन गृहीत धरून काढलेले असते, ही गोष्ट सांगताना बहुधा वगळली जाते.

टाकीतील विजेचा पंप इंधनात बुडालेला असतो आणि त्यातून वाहणाऱ्या इंधनानेच तो थंड राहतो. गाळणी तुंबली की पंपावर ताण येतो, तो तापतो आणि अखेरीस जळतो. पंप बदलून गाळणी तीच ठेवली, तर नव्या पंपाचीही तीच गत होते.

डिझेल आणि पाणी

डिझेल इंजिनात गाळणीचे महत्त्व कितीतरी अधिक आहे. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ साली डिझेल अंतःक्षेपण पंपांचे घाऊक उत्पादन सुरू केले, तेव्हापासून डिझेल यंत्रणा ही अतिशय काटेकोर मापाच्या भागांची राहिली आहे. आजच्या कॉमन रेल पद्धतीत इंधनाचा दाब २००० बारच्या घरात जातो आणि इंजेक्टरमधील सरकत्या भागांतील फट काही मायक्रॉनचीच असते. तेवढ्याच आकाराचा एक कठीण कण तेथे शिरला की पॉलिश कागदासारखे काम करतो. फट वाढते, इंधन गळू लागते, इंजिन धूर सोडते आणि सुरू व्हायला वेळ घेते. एक इंजेक्टर बदलण्याच्या खर्चात कित्येक गाळण्या येतात. त्यामुळे गाळणीवर केलेली काटकसर डिझेल गाडीच्या मालकाला सर्वांत महाग पडते.

पाण्याचा धोका याहून मोठा आहे. पंप आणि इंजेक्टर यांना लागणारे वंगण डिझेलच पुरवते. पाणी ते काम करू शकत नाही. त्याने पृष्ठभाग गंजतात, आणि प्रचंड दाबाखालून एकदम मोकळे होताना त्याची वाफ होऊन इंजेक्टरच्या टोकाला इजा होते. म्हणून डिझेल गाळणीच्या तळाशी पाणी साचण्याची जागा ठेवलेली असते. डिझेलची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.८२ ते ०.८६ असल्याने पाण्याचे थेंब एकत्र येऊन खाली बसतात. बऱ्याच गाड्यांत तेथे दोन विद्युतअग्रांचा संवेदक असतो. डिझेल वीज वाहून नेत नाही. पाणी अग्रांपर्यंत पोहोचले की मंडल पूर्ण होते आणि चालकासमोरचा दिवा लागतो. हा दिवा लागल्यावर 'पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू' असे म्हणणे योग्य नाही.

हे पाणी काढणे सोपे आहे. इंजिन बंद करून गाळणीखालचा स्क्रू किंवा नळ सैल करावा, खाली काचेची बरणी धरावी आणि आधी पाणी, मग पाणीमिश्रित डिझेल, शेवटी स्वच्छ डिझेल येऊ लागले की नळ बंद करावा. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवली की किती पाणी होते ते स्पष्ट दिसते. एकदोन चमचे पाणी फारसे चिंतेचे नाही; बरणीच भरत असेल तर टाकी रिकामी करून धुवावी लागते.

ट्रॅक्टरला बहुधा दोन गाळण्या असतात. पहिली जाड कण व पाणी अडवते, दुसरी बारीक कण. पहिली लवकर मळते, दुसरी उशिरा. तरीही 'दुसरी आहेच' या भरवशावर पहिलीकडे दुर्लक्ष करणे आणि पिंपातले डिझेल उघड्या नरसाळ्याने टाकीत ओतणे या दोन सवयी शेतावर आढळतात, आणि नांगरटीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर बंद पडण्यामागे पुष्कळदा त्याच असतात.

डिझेलमध्ये मेणासारखे घटकही असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांचे स्फटिक बनतात आणि ते सर्वप्रथम गाळणीतच अडकतात. म्हणून ज्या तापमानाला डिझेल प्रमाणित गाळणीतून जाईनासे होते, ते तापमान डिझेलच्या मानकात नमूद असते. भारतीय मानकानुसार ते हिवाळ्यात ६ आणि उन्हाळ्यात १८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असू नये. महाराष्ट्रात याचा अनुभव सहसा येत नाही, पण लडाखमध्ये हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरपासून पुरवण्यास सुरुवात केली.

तुंबल्याची लक्षणे

पहिले लक्षण चढावर दिसते. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते. पण कसारा किंवा बोरघाट लागला, गाडी भरलेली असली की ती ओढेनाशी होते, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही. कारण सरळ आहे. सपाटीवर इंजिनाला थोडे इंधन पुरते आणि तुंबलेली गाळणीही तेवढे सोडते. घाटात मागणी कित्येक पटींनी वाढते आणि ती पुरी होत नाही. त्यानंतर धक्के बसणे, सिग्नलला इंजिन बंद पडणे, सकाळी सुरू होण्यास वेळ लागणे ही लक्षणे येतात. डिझेल गाडीत बिघाडाचा दिवा लागून इंजिन आपली शक्ती आपणच मर्यादित करून घेते.

हीच लक्षणे अशक्त पंप, मळलेले इंजेक्टर, हवेची तुंबलेली गाळणी किंवा प्रज्वलनातील दोष यांचीही असू शकतात. इंधनाचा दाब दाबमापकाने मोजल्यास शंका फिटते. मोजमाप न करता एकेक भाग बदलत जाण्याची पद्धत मालकाच्या खिशाला परवडणारी नाही.

बदलण्याची मुदत

या बाबतीत गाडीसोबत मिळणारी पुस्तिका प्रमाण मानावी. सर्वसाधारणपणे डिझेल गाळणी २० ते ४० हजार किलोमीटरला बदलतात आणि पाणी त्याहून पुष्कळ आधी, अनेकदा काढतात. धुळीच्या प्रदेशात, फार जुन्या टाकीच्या किंवा कमी चालणाऱ्या गाडीत मुदतीआधी बदलणे शहाणपणाचे असते. कागदी गाळणी फुंकून, झटकून किंवा रॉकेलने धुऊन पुन्हा वापरू नये. धुतल्याने कागदात रुतलेले कण निघत नाहीत, उलट कागद फाटून साठलेला सगळा कचरा एकदम पुढे जाण्याचा धोका असतो. धुता येते ती फक्त तारेची जाळी.

बदलण्याची पद्धत

पेट्रोल उणे ४० अंशांखालीही पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. त्यामुळे हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, आसपास विडी-सिगारेट, शेगडी किंवा उघडा दिवा नसताना आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवूनच करावे. बंद गॅरेजमध्ये खड्ड्यात उतरून पेट्रोलची गाळणी बदलणे सर्वांत धोक्याचे, कारण वाफ तेथेच साठते.

अंतःक्षेपणाच्या पेट्रोल गाडीत आधी दाब उतरवावा लागतो. इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करतात. नळीतले इंधन संपले की ते आपोआप बंद पडते. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. तरीही थोडे पेट्रोल उडतेच, म्हणून जोडावर फडके गुंडाळून तो सावकाश सोडवावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. नव्या गाळणीवर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो; त्याचे टोक इंजिनाकडे हवे. उलट बसवलेली गाळणी काही काळ चालते, पण लवकर तुंबते. जुने रबरी वॉशर, तांब्याचे वायसर आणि तडे गेलेली नळी पुन्हा वापरू नये. काही रुपयांच्या त्या वस्तूंमुळेच गळती होते. सर्व जोड बसल्यावर बॅटरी आणि फ्यूज जोडावा, चावी दोनतीन वेळा फिरवून पंपाला दाब चढवू द्यावा आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहावा. टाकीतील गाळणीसाठी बहुधा मागील आसनाखालचे झाकण उघडावे लागते. हे काम जाणत्या मेकॅनिकवर सोपवलेले बरे.

डिझेल गाडीत आगीचा धोका कमी, पण हवेचा त्रास अधिक असतो. गाळणी बदलताना नळीत हवा शिरते आणि ती काढल्यावाचून इंजिन सुरू होत नाही. यालाच मिस्त्री 'एअर काढणे' म्हणतात. गाळणीवरचा हातपंप तो कडक होईपर्यंत दाबतात. जुन्या इंजिनांत हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ देतात. एअर न काढता स्टार्टर सतत मारत राहिल्यास बॅटरी उतरते आणि कोरडा चालणारा पंप झिजतो. नवी गाळणी आधी डिझेलने भरून बसवण्याची जुनी पद्धत कॉमन रेल इंजिनांत टाळावी, कारण ओतलेले डिझेल न गाळताच स्वच्छ बाजूला जाऊ शकते. चालू इंजिनात उच्च दाबाच्या नळ्यांचे जोड कदापि सैल करू नयेत. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

जुनी गाळणी काय सांगते

काढलेली गाळणी लगेच टाकू नये. आत येण्याच्या तोंडाकडून तिच्यातील इंधन पांढऱ्या ताटलीत किंवा काचेत ओतावे आणि शक्य असल्यास कवच कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. करवत वापरल्यास धातूचा कीस मिसळून फसगत होते, म्हणून आधी इंधन ओतून घ्यावे.

तांबूस-तपकिरी पूड आणि पापुद्रे असतील तर टाकी किंवा नळी गंजते आहे. चुंबक जवळ नेल्यास यातील काही कण ओढले जातात. चकचकीत धातूचे कण हे पंप झिजल्याचे चिन्ह, आणि ते सर्वांत गंभीर. काळे, मऊ, बोटाने चुरगळणारे तुकडे रबरी नळी आतून कुजल्याचे सांगतात. मातकट पूड असेल तर टाकीचे झाकण किंवा इंधन भरण्याची पद्धत तपासावी. डिझेल गाळणीत काळपट, बुळबुळीत, वासाचा थर आढळला तर तो सूक्ष्मजीवांचा असतो. डिझेल आणि तळाचे पाणी यांच्या सीमेवर काही जिवाणू व बुरशी वाढतात. डिझेल हे त्यांचे अन्न आणि पाणी हे त्यांचे घर. अशा टाकीत नवी गाळणी काही दिवसांत तुंबते. पाणी काढून टाकी साफ केल्याशिवाय त्यावर उपाय नाही.

जे गाळणीत अडकत नाही

गाळणी तरंगते कण अडवते. विरघळलेले पदार्थ नाही. पेट्रोल किंवा डिझेलमध्ये मिसळलेले रॉकेल जगातील कोणत्याही कागदातून तसेच पार जाते. 'चांगला फिल्टर लावला आहे, कसलेही तेल चालेल' हा समज म्हणूनच निराधार आहे. भेसळ ओळखायची तर पंपावरच. तेथे ग्राहकाला गाळणकागदाची चाचणी मागता येते. पेट्रोलचा थेंब त्या कागदावर टाकला असता शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जाते. डाग राहिला तर संशयाला जागा असते. घनता तपासण्याची मागणीही करता येते. इंधनातील भेसळीमागचा पैसा किती मोठा आहे याची कल्पना महाराष्ट्राला २५ जानेवारी २०११ रोजी आली. त्या दिवशी मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलाच्या चोरीला व भेसळीला हटकणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलने गाळणीपुढे निराळा प्रश्न उभा केला आहे. भारतात २०२२ साली पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस आले. महाराष्ट्रातील साखर कारखाने या इथेनॉलचे मोठे पुरवठादार आहेत. इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते. १० टक्के मिश्रणाच्या १०० लिटर पेट्रोलमध्ये सामान्य तापमानाला सुमारे अर्धा लिटर पाणी विरघळलेले राहू शकते आणि तोवर गाळणीला त्याचा पत्ताही लागत नाही. ही मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात पेट्रोल भरून थोड्याच अंतरावर एकाच पंपावरच्या अनेक गाड्या बंद पडल्या, तर प्रथम हीच शंका घ्यावी. अशा वेळी गाळणी बदलून भागत नाही; टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि पंपाची पावती जपून ठेवावी लागते. याशिवाय इथेनॉल जुन्या टाकीतील चिकट थर सैल करते. त्यामुळे जुन्या गाडीत अशा पेट्रोलचा वापर सुरू झाल्यावर पहिली गाळणी अपेक्षेपेक्षा लवकर तुंबू शकते; ती काही हजार किलोमीटरनंतर एकदा पाहून घेणे इष्ट.

विल्हेवाट

वापरलेल्या गाळणीत इंधन मुरलेले असते. ती रात्रभर भांड्यावर उपडी ठेवून निथळू द्यावी आणि घरगुती कचऱ्यात किंवा शेकोटीत न टाकता गॅरेजमधील तेलकट कचऱ्याबरोबर अधिकृत संकलकाकडे द्यावी. निथळलेले पेट्रोल गटारात ओतू नये. बंद गटारातील त्याच्या वाफेचा स्फोट होऊ शकतो.